सायकलचा लाइट घेताय? आधी खोक्यावरचे आकडे एकमेकांशी जुळतात का बघा

भोसरी एमआयडीसीतली दुसरी पाळी सुटली की मी स्पाइन रोडनं मोशीला सायकलवर घरी जातो. त्या वेळी डंपर, कंटेनर सुसाट असतात आणि मधेमधे रस्त्यावरचे दिवे बंद असतात. माझ्यासारखे रोज सायकलवर कामाला जाणारे खूप जण आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण लाइटच्या नावाखाली चाललेली ही लूट जिवावर बेतू शकते.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडून लाइट आणि वेग-अंतर दाखवणारा वायरलेस सायकल कॉम्प्युटर असा सेट मागवला होता. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं: १०,००० लुमेन (उजेडाचं माप), ९,९०० एमएएच (बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी, फुल मोडवर ६ तास, 'जीपीएस' स्पीडोमीटर. सुरुवातीला उजेड बरा पडायचा. मग तो उतरत जायचा आणि तासाभराच्या आत पुढचा खड्डाही दिसेनासा व्हायचा. मागून ट्रक आला तरच त्याच्या हेडलाइटमध्ये रस्ता दिसायचा.

कॉम्प्युटरची तऱ्हा वेगळीच. लाइट बंद असेल तर वेग बरोबर दाखवायचा, लाइट लावला की आकडा शून्यावर, नाहीतर एकदम ९९ वर. हलक्या प्रतीच्या लाइटच्या सर्किटमधून विजेचा गोंगाट निघतो आणि वायरलेस सेन्सरचा सिग्नल त्यात बुडतो. राहिला जीपीएस. पुढचं चाक उचलून धरलं आणि हातानं फिरवलं, तर स्क्रीनवर ताशी २२ किलोमीटर! सायकल जागेवरून इंचभरही हललेली नव्हती. म्हणजे स्पोकवरचं मॅग्नेट आणि फोर्कवरचा सेन्सर, एवढाच मामला. उपग्रहाचा काडीचाही संबंध नाही.

लॅपटॉपच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडं लाइटमधला सेल नेला. १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. असा चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हा काट्यावर ३० ग्रॅमही भरला नाही. टेस्टरवर क्षमता निघाली जेमतेम ८०० एमएएच. नावाजलेल्या कंपन्यांचे या मापाचे सेलसुद्धा साधारण ३,५०० एमएएचच्या घरात असतात, तिथं ९,९०० कुठून येणार?

आता त्यांचेच आकडे खरे धरून हिशेब करा. ३.७ व्होल्टला ९.९ अँपिअर-तासांनी गुणलं की साधारण ३७ वॅट-तास येतात. ते ६ तास पुरवायचे तर लाइटला मिळतात ६ वॅट. चांगली एलईडी एका वॅटमागे साधारण १०० ते १५० लुमेन देते. म्हणजे फार तर ९०० लुमेन. १०,००० साठी निदान ६५-७० वॅट लागतील आणि ती बॅटरी अर्ध्या तासात संपेल. पैसे भरायच्या आधी मोबाइलवर दोन मिनिटांत होणारा हा गुणाकार-भागाकार आहे, प्रत्येकानं करावाच.

खरी लबाडी पुढं आहे. सात दिवसांत परत घेऊ, असं लिहिलेलं होतं. माल आल्यावर लगेच तक्रार केली, तर 'टेक्निकल टीम बघतेय', 'पूर्ण चार्ज करून पुन्हा व्हिडिओ पाठवा', 'तिकीट वर पाठवलंय' असं करत मुदत उलटेपर्यंत झुलवलं. मुदत संपली आणि भाषा बदलली: स्वखर्चानं कुरिअर करा. कुरिअरवाला सुटी लिथियम बॅटरी घेईना, आणि माल पोचला नाही म्हणून विक्रेत्यानं हात वर केले. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर लाइटचे पैसे आले, कॉम्प्युटरचे अजून नाहीत. म्हणून सांगतो, व्हिडिओ मागितला तर द्या, पण परतीची विनंती त्याच दिवशी ॲपमध्ये टाका. चॅटवरच्या आश्वासनावर थांबू नका.

खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता, बॅटरीवर आयएस १६०४६ (लिथियम बॅटरीच्या सुरक्षेचं भारतीय मानक) आणि 'आर-' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक नव्हता. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. रोजच्या शहरी रस्त्याला प्रामाणिक ३०० ते ५०० लुमेन पुरेसे आहेत. पावसासाठी निदान आयपीएक्स ४ (पाण्याचे शिंतोडे सोसण्याची श्रेणी) बघा. समोरच्याच्या डोळ्यांवर जाणार नाही असा लाइट खाली झुकवून बसवा. मागचा लाल लाइट तर हवाच. कॉम्प्युटर मी आता वायरचा घेतलाय. टायरवर खडूची खूण करून चाक एक फेरा चालवलं, जमिनीवरचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजलं आणि तो आकडा त्यात भरला. किलोमीटर चोख येतात.

असा हलका सेलवाला लाइट कुणाकडं आधीच असेल, तर तो रात्री उशाशी चार्जिंगला लावून झोपू नका. अशा सेलमध्ये बहुतेकदा संरक्षक सर्किट नसतं, तो तापून फुगू शकतो, पेटूही शकतो. कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्या.