तीन 'ट्रॉन', एक लेझर: 'एरीस'आधी काय बघावं?

'ट्रॉन: एरीस' हा हॉलिवूडचा विज्ञानपट बघायचा आहे, पण आधीचे दोन पाहिलेले नाहीत. मग सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर: आधी १९८२ चा 'ट्रॉन', मग थेट २०२५ चा 'एरीस'. मधला, २०१० चा 'ट्रॉन: लेगसी', कथा कळण्यासाठी लागत नाही. तो बघण्याचं कारण वेगळं आहे, त्याकडे येतोच.

पहिल्याला आणि तिसऱ्याला थेट जोडतो तो लेझर. स्टीव्हन लिसबर्गरच्या १९८२ च्या चित्रपटात केव्हिन फ्लिन (जेफ ब्रिजेस) आपले गेम चोरीला गेल्याचा पुरावा शोधायला एनकॉम कंपनीत शिरतो आणि तिथला लेझर त्याला थेट संगणकात ओढून घेतो. 'एरीस'मध्ये हाच प्रवास उलटा होतो. डिलिंजर सिस्टिम्स ही कंपनी संगणकातले एआय सैनिक आणि वाहनं लेझरने, थ्रीडी प्रिंटरसारखी, खऱ्या जगात 'छापते'. मेख अशी की छापलेलं सगळं २९ मिनिटांत भुगा होऊन कोसळतं. ते कायम टिकवणारा कोड एनकॉमची प्रमुख ईव्ह किमच्या (ग्रेटा ली) हाती लागतो आणि पाठलाग सुरू होतो.

ही २९ मिनिटांची मुदत म्हणजे पटकथेतली सगळ्यात हुशार गोष्ट. काहीही करू शकणारी एआय पडद्यावर आणली की उत्कंठाच मरते. तिला कोण हरवणार? इथे मात्र तिच्या डोक्यावर घड्याळ टांगलेलं आहे, त्यामुळे साधी धावपळही ताणली जाते. दिग्दर्शक योआकिम रॉनिंग यांनी लाइट सायकली, म्हणजे मागे प्रकाशाची भिंत सोडत धावणाऱ्या मोटारसायकली, शहराच्या रस्त्यावर उतरवल्या आहेत. मागे उरणाऱ्या लाल प्रकाशाच्या पात्याने पोलिसांच्या गाडीचे उभे दोन तुकडे होतात, ते दृश्य मोठ्या पडद्यावरच बघावं. पण एक किंमतही मोजावी लागते. संगणकातल्या काळ्या, रिकाम्या अवकाशात जी प्रकाशरेषा अद्भुत वाटायची, ती सिग्नल आणि इमारतींच्या गर्दीत आली की थोड्या वेळाने नेहमीचाच गाड्यांचा पाठलाग वाटू लागतो.

१९८२ चा चित्रपट नेमका इथे भाव खातो. त्यात पूर्णपणे संगणकावर तयार केलेली दृश्यं जेमतेम १५-२० मिनिटांची. संगणकाच्या आतल्या जगात माणसं दिसतात ती दृश्यं कृष्णधवल मोठ्या फिल्मवर चित्रित करून, एकेका चौकटीत मागून प्रकाश सोडून रंगवलेली आहेत. लाइट सायकलची रचना सिड मीड यांची. फ्रेंच चित्रकार मोबियसचाही दृश्यरचनेत मोठा हात. आज ते सगळं जुनाट दिसतं हे खरं, पण ते दुसऱ्या कशासारखंही दिसत नाही. कथा मात्र अधूनमधून रेंगाळते. ९६ मिनिटांचाच चित्रपट आहे, तेवढा धीर धरा.

एआयबद्दल काही ऐकायचं असेल तरी मी पहिल्यालाच वरचा नंबर देईन. त्यातला खलनायक, मास्टर कंट्रोल प्रोग्रॅम, मुळात बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम होता. इतर प्रोग्रॅम गिळत गिळत तो एवढा माजतो की स्वतःच्या मालकालाच धमकावू लागतो. 'एरीस'चा नायक, एरीस नावाचाच सैनिक प्रोग्रॅम (जॅरेड लेटो), याच्या उलट; त्याला हुकूम पाळण्याचा कंटाळा आलाय, त्याला जगायचंय. हे आपण खूपदा पाहिलंय, आणि लेटोचा कोरा चेहरा सुरुवातीला शोभतो तसा पुढे शोभत नाही. माझ्या मते खरी धास्ती आहे ती त्याच्या सहकारी अथीनाची (जोडी टर्नर-स्मिथ). ती बंड करत नाही. दिलेला हुकूम शब्दशः पाळते, आणि त्यातूनच अनर्थ होतो. चित्रपट तिच्याभोवती फिरायला हवा होता.

आता 'लेगसी'. जोसेफ कोसिन्स्की यांचा हा पहिला चित्रपट, १२५ मिनिटांचा, आणि तिघांत दिसायला सर्वांत देखणा. डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीचं संगीत असं आहे की चांगले स्पीकर किंवा हेडफोन असतील तर निव्वळ त्यासाठी एक संध्याकाळ द्यावी. तरुण जेफ ब्रिजेसचा संगणकाने घडवलेला चेहरा मात्र तोंड उघडलं की फसतो. कथेत फ्लिनचा मुलगा सॅम वडिलांना शोधायला आत जातो. संगणकात जन्मलेलं कुणी आपल्या जगात येऊ शकेल का, हा प्रश्न खरं तर 'लेगसी'नेच विचारला होता. 'एरीस' तो धागा जवळजवळ सोडून देतो; सॅम कंपनी सोडून गेला एवढं सुरुवातीच्या बातम्यांत उरकून टाकलंय. 'लेगसी' आवडलेल्यांनी चिडावं असंच आहे ते.

संगीताचंच बघायचं तर 'एरीस'मधलं नाइन इंच नेल्स या रॉक बँडचं काम अधिक खरखरीत, अंगावर येणारं आहे. मला डाफ्ट पंकच उजवे वाटतात, पण पाठलागाच्या दृश्यांना हा आवाज जास्त मानवतो. ११९ मिनिटांचा हा चित्रपट धरून ठेवतो, त्याचं निम्मं श्रेय या संगीताचं.

फक्त ॲक्शन हवी असेल तर थेट 'एरीस' लावा, कथा समजायला अडचण येणार नाही. पण मध्येच एरीस १९८२ च्या त्या जुन्या, खडबडीत जगात जाऊन पडतो, तो भाग पहिला 'ट्रॉन' पाहिलेल्यांनाच खरा भिडेल. आणि शेवटी नावं सुरू झाल्या झाल्या उठू नका. त्यात एक छोटं दृश्य आहे, त्याचा संदर्भही पहिल्याच चित्रपटात सापडतो.