इझी-आउट सेट : आठ महिने वापरून, आणि पेटीतल्या त्या ड्रिलांबद्दल

इझी-आउट म्हणजे तुटलेल्या बोल्टात भोक पाडून ठोकायची आणि उलटी फिरवून तो बाहेर काढायची निमुळती, उलट्या आट्यांची दांडी. पाच नगांचा सेट, सोबत पाच ड्रिल, पत्र्याची पेटी, ४५० रुपये. असा सेट बहुतेकांनी पाहिलेला असतो, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. मला बोलायचंय ते पेटीतल्या ड्रिलांबद्दल. आठ महिने झाले तरी त्यांच्यावरचा राग गेलेला नाही.

बाबांच्या शंभर सीसीच्या बाईकने रत्नागिरीत बारा पावसाळे काढलेत. गॅस्केट गेलं म्हणून सायलेन्सर उतरवायला घेतला, तर नट सुटण्याऐवजी इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमधला ६ मिमीचा स्टडच (नट बसतो तो बिनडोक्याचा बोल्ट) कटकन तुटला. तोही हेडच्या बरोबरीने, पकडीत धरायला काडीभरही बाहेर नाही. खाऱ्या हवेत लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले की आधी ॲल्युमिनियम झिजतं. त्याची पांढरी भुकटी आट्यांत फुगते आणि पाचरीसारखी बसते.

पुढचं चाक काढलं, सेंटर पंच मारला, पेटीतल्याच ड्रिलने ३ मिमीचं भोक पाडलं आणि इझी-आउट ठोकून फिरवला. तो आतच तुटला. त्याचं पोलाद इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्याच्यावरून नुसतं घसरतं आणि बाजूच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं. हेड उतरवून आंबा घाटाने कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेलं. स्पार्क मशीनवाल्याने तुकडा जाळून काढला, आटे गेले होते म्हणून ६.३ मिमीचं भोक करून हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवली. एसटीचं भाडं धरून १४०० रुपये गेले. ४५०च्या सेटने मला एवढ्यात पाडलं, म्हणून तेव्हा लिहिलं असतं तर एकच वाक्य लिहिलं असतं : घेऊ नका.

पण तिथले मिस्त्री जे बोलले ते डोक्यातून जाईना. ‘सहाचा बोल्ट सोसंना, तर तीनची काडी काय सोसणार हो?’

खरंच आहे. जाम बसल्यामुळे जो तुटला, त्याला सोडवायला त्याहून जास्त जोर लागणार. तो जोर त्याच्या निम्म्या जाडीच्या, ठिसूळ दांडीतून द्यायचा म्हणजे तुटण्याचीच तयारी. शिवाय ती निमुळती असते. जितकी आत जाते तितकी बोल्टच्या भिंती बाहेर दाबते आणि तो आट्यांत आणखी घट्ट होतो.

आता ड्रिल. पेटीतले पाचही ड्रिल नेहमीच्या उजव्या फिरकीचे आहेत. ड्रिल बोल्टात अडकलं की प्रत्येक झटका त्याला आणखी आत आवळतो! डाव्या फिरकीचं ड्रिल रिव्हर्सवर चालवलं तर तोच झटका बोल्ट सोडवायच्या दिशेने बसतो. तुटलेले बोल्ट काढायलाच जो सेट विकतात, त्यात उलटे ड्रिल नसावेत हे मला अजिबात पटत नाही. मी ते वेगळे मागवले, ७०० रुपयांना.

मे अखेरीस काकांच्या स्कूटरचा तसाच स्टड तुटला. या वेळी घाई केली नाही. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल सोडलं. मग ते पुसून, पेट्रोलचा सगळा भाग दूर ठेवून, स्टडभोवतीचं हेड गॅसच्या टॉर्चने तापवलं. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडेल इतपत. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. १५० अंश वाढले तरी ६ मिमीच्या भोकात जेमतेम ०.०१ मिमी फरक पडतो, पण भुकटीची पकड सुटायला तेवढा पुरला. मधोमध पंच मारून उलटं ड्रिल अगदी हळू चालवलं. ४ मिमीला पोचलो आणि स्टड ड्रिलबरोबर गोल फिरत बाहेर आला. इझी-आउटला हातही लावला नाही. काका म्हणाले, ‘आता चहा ठेवायला सांग.’ मला मात्र तो स्टड हातातून खाली ठेववेना.

तरी सेटबद्दलचं मत मी बदललंय. ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांच्या मुलाने ऑइल फिल्टरच्या झाकणाचा बोल्ट जास्त आवळून तोडला. डोकं गेलं की ताण संपतो, आणि नव्या आट्यांत गंजही नव्हता. दोन नंबरचा इझी-आउट हाताने पाव फेरा फिरवला, बोल्ट निघाला. म्हणजे वस्तू खोटी नाही. आवळून तुटलेल्या बोल्टासाठी ती चांगली आहे, गंजून बसलेल्यासाठी नाही, आणि हे पेटीवर छापायला हवं होतं.

बाबांच्या बाईकचे नट कॉपर ग्रीस लावून, टॉर्क पान्याने १० न्यूटन मीटरला बसवले होते. परवा पावसाळा संपल्यावर मुद्दाम सोडून पाहिले. दोन्ही सहज सुटले, हेलिकॉइल जागेवर आहे.

पेटीतले उजवे ड्रिल काढून सुतारकामाच्या डब्यात टाकलेत. त्यांच्या खोबणीत आता उलटे बसवलेत. ५ मिमीचं थोडं सैल बसतं, त्याला कापडाची चिंधी गुंडाळलीय.