लेन्स घालून झोपायचं, की रोज काढायच्या?

ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळी करणाऱ्यांना घालूनच झोपता येतील अशा, महिनाभर डोळ्यात राहणाऱ्या लेन्सचा मोह होतोच. दुकानदार त्यांना ‘एक्स्टेंडेड वेअर’ म्हणतो. दुसरे दोन पर्याय म्हणजे रात्री काढून सोल्युशनमध्ये ठेवायच्या मंथली आणि रोज फेकून द्यायच्या डेली.

कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, रक्तवाहिन्या नसतात. तो प्राणवायू अश्रूंमार्फत थेट हवेतून घेतो. पापणी मिटली की 21 टक्क्यांवरून जेमतेम 8 टक्के उरतो, म्हणून लेन्स नसतानाही झोपेत कॉर्निया 3-4 टक्के सुजतो आणि उठल्यावर ओसरतो. वर लेन्स असली तर सूज वाढते. जुन्या हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ प्लास्टिकच्या) लेन्स घालून वर्षानुवर्षं झोपणाऱ्यांच्या डोळ्यात कडेच्या बारीक रक्तवाहिन्या कॉर्नियात शिरू लागतात. आरशात काही कळत नाही, नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. सर्वांत आतल्या थरातल्या पेशी लहानमोठ्या होतात, त्या सहसा पूर्ववत होत नाहीत.

हा प्रश्न सिलिकॉन हायड्रोजेल या प्राणवायू जास्त जाऊ देणाऱ्या प्लास्टिकने बराचसा सोडवला. लेन्समधून प्राणवायू किती जातो ते ‘डीके/टी’ या आकड्यावरून कळतं. होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी 1984 मध्ये रात्रीच्या वापरासाठी 87 ही किमान मर्यादा सुचवली होती. नव्या लेन्स 100 च्या पुढे जातात. पण हा आकडा बहुधा उणे 3 नंबरच्या लेन्सच्या मध्यभागाचा असतो. उणे 7-8 वाल्यांची लेन्स कडेला जाड असते, त्यांनी जाहिरातीवर हुरळून जाऊ नये.

आणि संसर्गाचं काय? तिथे एक्स्टेंडेड वेअर सपशेल मागे पडतं. 2008 च्या ऑस्ट्रेलियन पाहणीत दिवसा घालायच्या साध्या सॉफ्ट लेन्सवर वर्षाला 10,000 जणांमागे साधारण 2 जणांना कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला, सिलिकॉन हायड्रोजेल घालून झोपणाऱ्यांमध्ये सुमारे 25 जणांना. मिटल्या डोळ्यात अश्रू खेळत नाहीत, पापणी काही धुऊन काढत नाही, मग जंतू लेन्सला चिकटून बसतात. त्याच पाहणीत डेलीचा दरही 2 च्या आसपास होता, मात्र नजर गमावण्याइतकी प्रकरणं तिथे कमी दिसली.

माझा कौल शिफ्टवाल्यांसाठी डेलीला. पहाटे दमून घरी आल्यावर लेन्स चोळून धुवायचं कोणाच्या जिवावर येत नाही? डेली सरळ कचऱ्याच्या डब्यात. आठवड्यातून दोन-तीनदाच घालणाऱ्यांनाही त्याच परवडतात. रोज घालणाऱ्याला मंथली स्वस्त पडतात आणि जास्त सिलिंडर नंबर असेल तर पर्यायही त्यातच जास्त मिळतात. फक्त डबी दर तीन महिन्यांनी बदला, उरलेल्या सोल्युशनमध्ये नवं ओतू नका आणि सोसायटीच्या टाकीचं पाणी लेन्सला लावू नका. त्यातला अकँथअमीबा हा डोळ्याला संसर्ग करणारा एकपेशीय जीव क्लोरिनलाही सहज दाद देत नाही. ठाणे-बेलापूर रोडवर कंपनीच्या बसमध्ये घेतलेली डुलकीसुद्धा कॉर्नियाच्या लेखी झोपच.

एक्स्टेंडेड वेअर नेत्रतज्ज्ञाने स्वतः सुचवलं तरच घ्यावं, तेही वेळच्या वेळी तपासणी करून घ्यायची तयारी असेल तर.

कोणतीही लेन्स असो, डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर ती लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणू नका. लेन्स आणि डबी टाकून न देता सोबत न्या, जंतू कोणता ते त्यावरूनही शोधता येतं.