भिंतीवरच्या चित्रासाठी पैसा: अनुदान की वर्गणी?

वस्तीतल्या भिंतीवर चित्र काढायचं, तर पैसा पालिकेच्या अनुदानातून आणावा की घरोघरच्या वर्गणीतून?

अनुदानाची रक्कम मोठी. फिलाडेल्फियात तर १९५९ पासूनच बांधकामखर्चाचा एक टक्का कलेसाठी राखण्याचा नियम आहे. अशा पैशातून परांची, विमा, कलाकाराचं मानधन सगळं निघतं. पण मंजुरीत महिने जातात.

वर्गणी तुटपुंजी जमते, तरी मी सुरुवात तिथूनच करेन. दारोदार फिरताना चित्रात काय असावं यावर बोलणं होतं. एखादी आजी म्हणते, "इथं पूर्वी विहीर होती, ती काढा." पुढे रंगाचे पोपडे सुटले की खरवडून अस्तर मारायला हीच माणसं येतात. अनुदानात देखभाल बहुधा धरलेलीच नसते. ती अर्जातच मागून घ्यावी.