५० पेन्सची दहा पौंडी पिशवी : दुर्मीळ नाणी शोधायला कितपत कामाची?

ब्रिटनमध्ये बँकेच्या काउंटरवर दहा पौंडांची नोट दिली की ५० पेन्सच्या २० नाण्यांची प्लॅस्टिकची पिशवी मिळते. मोडीत दुर्मीळ नाणी शोधणाऱ्यांचा हाच कच्चा माल. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. पण हे गुण ऑलिंपिकची नाणी जमवणाऱ्याने दिलेले समजा. केवळ ‘क्यू गार्डन्स’साठी (लंडनमधल्या या बागेतला पॅगोडा असलेलं २००९ चं दुर्मीळ नाणं) पिशव्या फोडायच्या असतील तर दीड.

पिशवीला वेगळी किंमत नाही. नको ती नाणी परत भरली की पैसे परत, त्यामुळे खर्च होते ती फक्त पायपीट. बहुतेक शाखा आपल्याच खातेदाराला पिशव्या देतात, त्याही एका वेळी मोजक्या. वैयक्तिक खातं वापरा. व्यवसायाच्या खात्यावर मोड देण्याघेण्याचं शुल्क लागतं आणि मग सगळा हिशेबच कोलमडतो.

माल दोन तऱ्हांचा असतो. रोकड केंद्रातून आलेल्या सीलबंद पिशव्यांत कधी चांगली मिसळ असते, तर कधी एकाच साली पाडलेली कोरी करकरीत नाणी निघतात. आसपासच्या दुकानदारांनी भरलेल्या सुट्या पिशव्यांत जुनी, झिजलेली, तऱ्हेतऱ्हेची नाणी सापडतात. निवड करता आली तर दुसरी घ्या. सीलबंद पिशवीतलं पहिलंच नाणं नवं कोरं निघालं, तर बाकीची १९ पाच सेकंदांत नजरेखालून घाला आणि पुढची पिशवी उघडा.

आता आकडे. चलनात ५० पेन्सची नाणी ढोबळमानाने शंभर कोटी धरू. २००९ च्या क्यू गार्डन्स नाण्याची संख्या २ लाख १० हजार, म्हणजे पाचेक हजारांत एक. पिशव्यांत मोजलं तर अडीचशे पिशव्या, अडीच हजार पौंडांची उलाढाल. तीही एकही क्यू कुणी घरात दडवून ठेवलं नाही असं मानून, आणि दडवलेली तर भरपूर आहेत. २०२३ चं अटलांटिक सॅल्मनचं नाणं (आपला रावस नव्हे, त्याला इंग्रजीत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात एवढंच) फक्त २ लाख, म्हणजे क्यूपेक्षाही कमी. ऑलिंपिकच्या २०११ च्या २९ नाण्यांचं गणित मात्र माणसाच्या आवाक्यातलं आहे. फुटबॉल ११ लाख २५ हजार ५००, कुस्ती ११ लाख २९ हजार ५००, ज्युदो ११ लाख ६१ हजार ५००, ट्रायथलॉन ११ लाख ६३ हजार ५००. या चारांपैकी कुठलंही एक मिळायला कागदावर दहाबारा पिशव्या पुरतात. प्रत्यक्षात वीसपंचवीस धरा.

छाननी अशी करा. नाणी चित्राची बाजू वर करून टेबलावर पसरा. बसलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री) आणि २००८ पासूनचा राजचिन्हातल्या ढालीचा तुकडा ही नेहमीची चित्रं बाजूला काढा. बहुतेक वेळा यातच निम्म्याहून जास्त नाणी जातात. उरलेल्यांपैकी ज्यांच्या मागे राजा चार्ल्सचा मुखवटा आहे ती वेगळी पाहा. राजाचं नाणं दिसलं म्हणून हुरळू नका. २०२२ चं राणीच्या स्मरणार्थ काढलेलं आणि २०२३ चं राज्याभिषेकाचं नाणंही राजाच्याच मुखवट्याचं आहे, आणि राज्याभिषेकाचं तर ५० लाख पाडलं. सॅल्मन हवा असेल तर मासाच दिसला पाहिजे.

क्यूचा पॅगोडा दिसला की मात्र थांबा. २०१९ मध्ये टांकसाळीने संग्राहकांच्या संचासाठी तेच चित्र पुन्हा पाडलं आणि चित्राच्या बाजूला १७५९–२००९ तसंच ठेवलं. फरक राणीच्या बाजूला आहे. मुखवट्याबरोबर २००९ आणि मानेखाली आयआरबी (IRB, मुखवटा घडवणाऱ्याची आद्याक्षरं) ही बारीक अक्षरं असतील तर मूळ नाणं, २०१९ असेल तर संचातलं. नकली नाणीही फिरतात. वजन ८ ग्रॅम आणि रुंदी २७.३ मिलिमीटर तपासा. लोहचुंबकाला चिकटलं तर विषयच संपला, कारण खरं नाणं तांबं-निकेलचं असतं. शंभर पौंडांच्या वर भाव मिळणाऱ्या नाण्यासाठी एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घेणं परवडतं.

पिशवीचा खरा दोष वेगळाच. आइल ऑफ मॅन, जर्सी, गर्न्सी, जिब्राल्टर इथली ५० पेन्सची नाणी याच आकाराची आणि वजनाची असतात. भरताना बँक पिशवी वजनावर घेते (२० नाणी म्हणजे १६० ग्रॅम), म्हणून ती सहज आत शिरतात आणि तुमच्या पदरी पडतात. ब्रिटनमध्ये ती कायदेशीर चलन नाहीत आणि दुकानदार ओळखला तर परत करतो. मॅनची नाताळची नाणी मात्र मुळीच परत भरू नका, त्यांना वेगळे गिऱ्हाईक आहे.

परतीचा माल ज्या शाखेतून घेतला तिथेच भरू नका. पुढच्या आठवड्यात तीच २० नाणी पुन्हा हातात येतील. एका पिशवीत एकाच किमतीची नाणी ठेवा. एकही कमीजास्त झालं की काट्यावर पिशवी अडते. सुपरमार्केटमधल्या मोड मोजणाऱ्या यंत्रांकडे फिरकू नका, ती टक्केवारी कापतात आणि वर्षभराची कमाई तिथेच जाते.

शेजारची २० पेन्सची पिशवीही मागून पाहा. दहा पौंडांत ५० नाणी येतात आणि तपासायला मिनिट लागतं. २००८ मध्ये सालाची जागा चित्राच्या बाजूवरून राणीच्या बाजूला गेली. तेव्हा काही नाणी जुन्या मुखवट्याच्या आणि नव्या चित्राच्या साच्यांतून पाडली गेली आणि दोन्ही बाजूंना सालच राहिलं नाही. ढालीचा तुकडा असलेलं नाणं उलटा, आणि राणीभोवती साल नसेल तर बाजूला ठेवा.

सापडलेलं नाणं धुऊ नका, पुसू नका. काठाला धरून पुठ्ठ्याच्या चौकटीत घाला. स्वस्तातल्या मऊ पीव्हीसी पाकिटांतून काही वर्षांनी हिरवट चिकटा सुटतो आणि तो तांब्याच्या मिश्रधातूला खातो.