रविवारचे दोन तास: पुलाखाली, बालगृहात, मैदानावर की शाळेच्या दारात?

ऑफिसातल्या एका मुलीनं मागच्या महिन्यात विचारलं, "ताई, रविवारी दोन तास मोकळे असतात. रस्त्यावर राहणाऱ्या पोरांसाठी काही करायचं आहे. कुठं जाऊ?" तर्री पोहे संपेपर्यंत सांगून होईल असं वाटलं होतं. नाही झालं, म्हणून हे लिहिते आहे.

नागपुरात चार वाटा मी थोड्याफार चालून पाहिल्या आहेत. पुलाखालचा वर्ग, बालगृह, फुटबॉलचं मैदान आणि चौथी, जिला कोणी सेवा म्हणतच नाही, ती म्हणजे कागदपत्रांची धावपळ. तुलना करताना लोक विचारतात, किती मुलं होतील? मी वेगळं विचारते: ज्या रविवारी तुम्ही जाणार नाही, त्या रविवारी तिथं काय होईल? बेघर मुलांच्या आयुष्यातून माणसं सतत निघून जात असतात. त्यात आपली एकाची भर नको. (वाढदिवसाला बिस्किटांचे पुडे वाटून परतणं मी या तुलनेत धरलेलंच नाही.)

पुलाखालचा वर्ग सुरू करायला सगळ्यात सोपा. चटई, खडू, पाण्याची कॅन. बर्डीच्या (सीताबर्डीच्या) बाजूला आम्ही असा वर्ग तीन वर्षं चालवला. पोरं पंधरा-सोळा, त्यातल्या चार-पाच पोरींच्या कडेवर धाकटं भावंड. पहिल्या महिन्यातच कळलं की त्यांना सगळ्यात आवडते ती हजेरी. दिवसभर 'ए छोटू', 'ए पोट्टे' ऐकणाऱ्या मुलाला कोणी पूर्ण नावानं हाक मारतं आणि तो "हजर" म्हणतो! काही जण तर फक्त हजेरीपुरते यायचे. दर रविवारी तीच वेळ, तेच गाणं, तीच चटई. ज्याची रात्रीची जागासुद्धा ठरलेली नाही, त्याला ठरलेलं काही मिळणं म्हणजे काय, हे मी तिथं शिकले.

पण हीच वाट सगळ्यात दगाबाज. 2023 च्या मार्चमध्ये सी-20 ची, म्हणजे जी-20 मधल्या नागरी संस्थांच्या गटाची, बैठक नागपुरात होती, तिच्या आधी शहरात चौकांत भीक मागण्यावर बंदीचा आदेश निघाला. पुढच्या रविवारी गेलो तर चटईवर तिघंच. बाकीची कुठं गेली ते तिघांनाही ठाऊक नव्हतं. दुसरा दगा माझाच. डेंग्यूनं मी तीन रविवार घरी होते, निरोप कोणाबरोबर धाडला नाही. चौथ्या रविवारी एक आठ-नऊ वर्षांची पोर माझ्याकडे पाठ करून बसली. खूप वेळानं म्हणाली, "दीदी, आप तो जानेवाले ही थे न." तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं ते आधीच धरून ठेवलं होतं. एकट्यानं वर्ग सुरू करू नका, एवढंच म्हणेन. निदान तिघं हवीत, आणि तिघांनाही मुलांनी ओळखलेलं हवं.

बालगृहात याच्या उलट. तुम्ही नसलात तरी जेवणाची घंटा वाजते. तिथली मुलं बाल कल्याण समितीच्या आदेशानं आलेली असतात, त्यातली काही स्टेशनवर सापडलेली. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही वाटा आपल्या स्टेशनात एकमेकींना छेदतात, त्यामुळे घरून पळालेलं मूल कुठल्याही दिशेनं येऊन इथं उतरू शकतं. अर्ज, ओळखपत्र, पोलिस पडताळणी यांत आठवडे जातात. जाऊ द्या, ती कटकट मुलांसाठीच आहे. मला मात्र एका ठिकाणी पडताळणी न करता "दिवाळीत या, तेव्हा कार्यक्रम असतो" असं सांगितलं. तिथं मी गेले नाही.

बालगृहात पहिल्याच दिवशी एखादं लेकरू गळ्यात पडतं आणि आपल्याला भरून येतं. तिथं जरा थांबा. आलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला बिलगणं ही कितीतरी वेळा सोडून दिल्या गेलेल्या मुलाची सवय असते. आपण खास आहोत असा त्याचा अर्थ नाही. आणि 'घरून का पळालास?' हे विचारू नका. पोलिस, समिती, समुपदेशक, अधीक्षक या सगळ्यांना त्यानं ती गोष्ट सांगून झालेली असते. पाचव्या माणसानं कॅरम काढावा. समुपदेशनाचं शिक्षण असेल तर इथं तुमचा खरा उपयोग आहे. नसेल तर उपयोग मर्यादित, असं माझं मत.

मैदानाबद्दल नागपूरकराला काय सांगायचं! हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, त्यातून स्लम सॉकर ही संस्था उभी राहिली. मैदानावर 'कुठं राहतोस' हा प्रश्न नसतो, 'कुठल्या पोझिशनवर खेळतोस' असतो. राग लाथेतून निघून जातो. हरल्यावर घरी तोंड लपवून रडायला घर नसलं तरी टीम असते. तुम्ही एखाद्या रविवारी नाही गेलात तर खेळ थांबत नाही, कारण प्रशिक्षक आहे. उणीव अशी की मुली कमी येतात (भावंडं कोण सांभाळेल?) आणि एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी आठनंतर मैदान तव्यासारखं तापतं.

आता कागद. हे काम कंटाळवाणं, फोटो न निघणारं. पण उद्या इथून उठवतील ही भीती ज्या पोराच्या पोटात आहे, त्याला गाण्यांपेक्षा शाळेच्या हजेरीपटावरचं नाव जास्त धीर देतं. शिक्षण हक्क कायद्यानुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला जन्माचा दाखला नाही किंवा टीसी (आधीची शाळा सोडल्याचा दाखला) नाही म्हणून शाळा नाकारू शकत नाही, वयानुसार वर्गात बसवावं लागतं. हे त्या आईला माहीत नसतं. माहीत असलं तरी शाळेच्या ऑफिसच्या दारात एकटीनं बोलायला तिची जीभ उचलत नाही. तुम्ही नुसतं तिच्या शेजारी उभं राहायचं. एकल पालक असेल तर बालसंगोपन योजनेचा अर्ज, महिना 2250 रुपये. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे मे महिन्यापासून फेऱ्या सुरू करा. या कामाला शेवट असतो: नाव लागलं की तुमचं जाणं मुलाला जाणं वाटत नाही.

कुठंही गेलात तरी तीन गोष्टी. एकटं, हरवलेलं मूल दिसलं तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. 24 तासांच्या आत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. अशा मुलांचे चेहरे स्टेटसवर टाकू नका, बाल न्याय कायद्यातलं 74 वं कलम ओळख उघड करायला मनाई करतं. आणि 'मला सांग, मी कोणालाच सांगणार नाही' हे वचन कधीही देऊ नका. मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) तुम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं, आणि मग तुम्ही खोटे ठरता.

ऑफिसातल्या त्या मुलीची वर्षभरात बदली होणार आहे. तिला मी कागदांच्या कामाला लावलं. कॉलेजच्या पोरांनी मैदानावर जावं. पुलाखालच्या वर्गासाठी मला निवृत्त, जवळपास राहणारी, हट्टी माणसं हवी आहेत.

मी वर्ग सोडला तेव्हा महिनाभर आधी सांगितलं. खांबावर खडूनं चार रेघा ओढल्या, दर रविवारी एक पुसायची. नवी ताई पहिल्या रेघेपासून सोबत होती. शेवटची रेघ माझ्याकडे पाठ करून बसलेल्या त्याच पोरीनं पुसली, फ्रॉकच्या टोकानं, आणि लगेच नव्या ताईला विचारलं, "हजेरी कब लोगे?"