सीकेम पॅरागार्ड: व्हाइट स्पॉटवर वापरलं, चांगलं आहे पण बाटली घेण्याआधी हे वाचा

यंदा पुण्यात थंडी पडली आणि आमच्या फिश टँकमधल्या एंजलफिशना व्हाइट स्पॉट, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके येणारा परजीवीचा आजार, झाला. आधी एक एंजल सारखा लाकडाला अंग घासताना दिसला, मग रात्री टॉर्च मारून नीट बघितलं तर शेपटीवर आणि वरच्या पंखावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. दोन दिवसांत बाकीच्यांवर पण आले. दुकानात विचारलं की बहुतेक ठिकाणी कुठल्याही आजाराला तीच निळी बाटली काढून देतात, मिथिलीन ब्लू. ते फंगसला, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून चांगलंच आहे, पण मेन टँकमध्ये ओतलं की फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया (माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे) मारतं आणि काचेच्या जोडातलं सिलिकॉन निळं होतं ते जात नाही. म्हणून मी सीकेम कंपनीचं पॅरागार्ड घेतलं, महाग आहे पण घेतलं.

हे मॅलकाइट ग्रीन आणि अल्डिहाइडचं औषध आहे, निळसर हिरवं पाणी. ग्लोव्हज घालूनच हाताळा. डोस 40 लिटरला 5 एमएल, म्हणजे एक झाकण, रोज किंवा दिवसाआड. इथे एक गोष्ट मनापासून सांगते, टँक किती लिटरचा ते अंदाजाने धरू नका. लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले 1000. दोन फुटी टँक दुकानात "पन्नास-साठ लिटर" म्हणून विकतात पण खडी, लाकूड आणि वरची मोकळी जागा सोडली तर आत पाणी 40-45 लिटरच असतं, आणि कोरी, लोचसारखे बिनखवल्यांचे किंवा अगदी बारीक खवल्यांचे मासे असतील तर जास्तीचा डोस त्यांना लगेच बाधतो. माझ्याकडे कोरी आहेत म्हणून मी अर्ध्या डोसने सुरुवात केली, त्या नीट खातायत, धडपडत नाहीयेत हे बघून मग पूर्ण केला. झाकणापेक्षा सुई काढलेली सिरिंज वापरा, मेडिकलमध्ये मिळते.

फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा, नाहीतर तो सगळं औषध शोषून घेतो आणि आपण म्हणतो औषध फुकट गेलं. गोगलगायी, श्रिंप असतील तर त्यांना दुसऱ्या भांड्यात हलवा, त्यांना हे झेपत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की औषध घालून तीन दिवस झाले तरी ठिपके आहेत, म्हणजे औषध बोगस. तसं नाही हो. तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली जाऊन बसलेला परजीवी आहे, तिथे कुठलंच औषध पोचत नाही. तो मोठा होऊन गळतो, तळाला जाऊन भोवती कवच करतो, त्यात एकाचे शेकडो होतात आणि ते बाहेर पडून पाण्यात मासा शोधत फिरतात, औषध मारतं ते फक्त ह्या फिरणाऱ्यांना. त्यामुळे मधेच ठिपके वाढले तरी घाबरून डोस डबल करू नका, आणि अंग स्वच्छ दिसलं म्हणून लगेच बंदही करू नका, तळाशी अजून शिल्लक असतात. मी शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवलं. हीटरने पाणी हळूहळू 28 वर नेलं की हे चक्र भराभर फिरतं, गार पाण्यात तेच कित्येक आठवडे रेंगाळतं. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस फुल्ल. आणि वॉटर चेंज करताना तळाची खडी सायफनने ओढून घ्या, कवचातले बरेचसे तिथूनच निघून जातात.

एक छोटा एंजल गेला. तो आधीपासूनच वर येऊन धापा टाकत होता, कल्ल्यांत गेलं होतं त्याच्या, आणि कल्ल्यांतलं बाहेरून दिसत नाही. अजून वाईट वाटतं. बाकी सगळे बरे झाले, खायला पुढे येतात, कोरी एकही गेली नाही आणि झाडं पण टिकली. फिल्टरला काही झालं नाही, अमोनिया टेस्ट करत होते, शून्यच आला.

खर्चाचं म्हणाल तर 100 एमएलच्या बाटलीत 40 लिटरचे वीस डोस बसतात, छोट्या टँकला पुरते. पण 100 लिटरचा टँक असेल तर रोजचे साडेबारा एमएल लागतात, म्हणजे आठ दिवसांत बाटली रिकामी, आणि मधे खंड पडला तर आधीची सगळी मेहनत वाया. अशांनी सरळ 250 ची घ्या, आणि मासे आजारी पडायच्या आधी घरात ठेवा, कारण जवळच्या दुकानात हे असेलच असं नाही आणि ऑनलाइन मागवून येईपर्यंत आजार कल्ल्यांपर्यंत पोचलेला असतो.